‘आय शॅल’, ‘इफ इट विल’ आणि पाया कच्चा करण्याचा आरोप

सर, नमस्कार. नाशिकच्या गंगापूर रोडला इतकी वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेणाऱ्यांचा राग मी हसण्यावारी नेणार नाही. तुमचं म्हणणं असं, की ‘आय’पुढे ‘शॅल’च हवं असताना ‘आय विल’ चालतं असं शिकवून मी मुलांचा पाया कच्चा करतोय, आणि ‘इफ इट विल रेन’ला उगाच चूक ठरवतोय; पाऊस उद्याचा, तर क्रियापदही उद्याचंच हवं.

‘आय, वी’ला शॅल आणि बाकीच्यांना विल, हे जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडलं. (अनंताचं चिन्ह यांचंच. ते जास्त टिकलं.) अमेरिकेत, स्कॉटलंडमध्ये हा नियम कधी रुजलाच नाही आणि आज इंग्लंडमध्येही ‘आय विल’ सर्रास चालतं. शॅल उरला तो ‘शॅल आय ओपन द विंडो?’ असं विचारताना, नाहीतर कायद्यात. संविधानाचं पहिलंच कलम घ्या: ‘इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स’. हे भाकीत नव्हे, बंधन आहे. निविदेतला ‘काँट्रॅक्टर शॅल’ही त्याच जातीचा. मुलाने मित्राला ‘आय शॅल कम’ लिहिलं तर चूक नाही, पण टाय लावून मिसळ खायला बसल्यासारखं दिसतं.

आता पाऊस. मराठीत तरी आपण ‘उद्या पाऊस पडेल तर’ कुठे म्हणतो? ‘पडला तर’ म्हणतो. पाऊस उद्याचा, रूप भूतकाळाचं, आणि कुणाला खटकत नाही. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ घेते: ‘इफ इट रेन्स’. मात्र ‘आय डोन्ट नो इफ इट विल रेन’ अगदी बरोबर, कारण इथे अट नाहीच, पडेल की नाही एवढीच शंका आहे. ‘इफ यू विल वेट हिअर’ही चालतं, तिथे विल म्हणजे समोरच्याची तयारी. पावसाची कसली तयारी विचारणार?

‘गोइंग टू’ पेपरात नको, असंही जाता जाता म्हणालात. ते मुळीच पटलं नाही. इंग्रजी क्रियापदाला ‘जाईन’सारखं भविष्यकाळाचं वेगळं रूप नाही, म्हणून बोलणारा कशाच्या भरवशावर बोलतोय ते बघावं लागतं. त्र्यंबकच्या बाजूला ढग काळे झालेत: ‘इट इज गोइंग टू रेन’. पंचवटी एक्स्प्रेस वेळापत्रकाने सुटते: ‘द ट्रेन लीव्ह्ज टुमॉरो मॉर्निंग’. तिकीट काढून झालंय: ‘आय अ‍ॅम गोइंग टू मुंबई टुमॉरो’. फोनवर तिथल्या तिथे ठरवलं: ‘ओके, आय विल कम’.

तिकिटाच्या त्या वाक्यात कुणी ‘आय शॅल गो’ लिहिलं तर मी गुण कापणार नाही. ‘गोइंग’ लिहिणाऱ्याचे तुम्हीही कापू नका.