अहिराणी बंद करून इंग्रजी येत नाही

शाळाप्रवेशाचे दिवस आले की जळगाव-धुळ्याकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. अहिराणीत वाढलेल्या पोरांना इंग्रजीतलं रोजचं, आडवळणाचं बोलणं उमगत नाही, म्हणून घरात अहिराणी बंद करा. सोबतच्या यादीतले शंभर वाक्प्रचार पाठ करून घ्या. आणि इंग्रजी वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ कधीच लावू देऊ नका.

यातलं पहिलं म्हणणं सगळ्यात चुकीचं, आणि मुलांचं सर्वांत जास्त नुकसान करणारं. इंग्रजीत मित्राशी 'गोइंग टू', 'वॉन्ट टू'चं 'गॉना', 'वॉना' केलेलं चालतं. नोकरीच्या अर्जात चालत नाही. कुणापुढे कसं बोलायचं हे ओळखता आलं पाहिजे. आपलं पोरगं ते पहिलीपासून करतं. आजीला म्हणतं, 'माले भूक लागनी.' बाईंना म्हणतं, 'मला भूक लागली.' हा नियम त्याला कुणी शिकवलेला नसतो. अमळनेर-साक्रीच्या मुलाकडे ही जाण आयती आहे, आणि मेसेज तीच काढून घ्यायला सांगतो! शिवाय आजीच्या म्हणी, टोमणे, कोडी ऐकतच मूल बोलण्यामागचा अर्थ पकडायला शिकतं. आईवडिलांनी मोडकंतोडकं इंग्रजी बोलून ते मिळणार नाही.

यादीचं म्हणाल, तर भाषा-अभ्यासक रोझामंड मून यांनी १९९८ साली मांडलेल्या अभ्यासात बहुतेक ठरीव वाक्प्रचार दहा लाख शब्दांमागे एकदाही आढळले नाहीत. 'किक द बकेट' (म्हणजे मरणं) पाठ करून पोरगं ते वापरणार कुठे? याउलट 'पुट ऑफ', 'पुट अप विथ' अशी जोडक्रियापदं सरासरी दर दीडशे शब्दांमागे एकदा येतात, असं गार्डनर आणि डेव्हिस या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं. मुलं अडतात ती इथे. शब्द ओळखीचे, अर्थ मात्र भलताच: एकाचा पुढे ढकलणं, दुसऱ्याचा सहन करणं. पाठांतराचा वेळ द्यायचाच तर यांना द्या, आणि तोही वाक्यांतून, गोष्टींतून.

शब्दशः अर्थाबद्दलचा सल्ला अर्धाच खरा. 'किक द बकेट'ला तो लागू आहे. पण रागाला उष्णता मानणं, वेळेला पैशासारखं वागवणं हे इंग्रजीतही आहे, आपल्याकडेही. आपण डोकं तापलं म्हणतो, थंड हो म्हणतो, वेळ वाचवतो, वाया घालवतो. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० सालीच दाखवलं, की रूपकं रोजच्या विचारातच मुरलेली असतात. म्हणून 'हॉट-हेडेड' दिसलं की मुलाला आधी अंदाज करू द्या. तो बहुधा बरोबर निघेल. मग मागचंपुढचं वाक्य वाचायला सांगा, आणि तरी अडलं तर शब्दकोश उघडा. केंब्रिजचा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश नेटवर फुकट आहे. शब्द अनौपचारिक आहे की जुनाट, हेही त्यात दिलेलं असतं.