पिंपळ रात्री प्राणवायू देत नाही

तपोवनातील वृक्षतोडीच्या प्रस्तावावरून नाशिकमध्ये वाद सुरू झाल्यापासून एक जुना संदेश आमच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा: पिंपळ निवडुंगासारखा रात्री कार्बन डायऑक्साइड घेतो, म्हणून तो चोवीस तास प्राणवायू देतो, इतर झाडे रात्री विषारी वायू सोडतात, तुळस पहाटे ओझोन देते, तेव्हा बाकीची झाडे गेली तरी चालतील, पिंपळ लावा. हा संदेश पाठवणाऱ्यांची झाडांवरची माया खरी आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु यातले एकही विधान टिकत नाही आणि शेवटचे तर घातक आहे.

लहानपणी आपण पुस्तकात जपून ठेवलेले जाळीदार पिंपळपान आठवावे. हिरवा गर निघून गेल्यावर उरलेली ती जाळी म्हणजे मुळांकडून आलेले पाणी पेशीपेशीपर्यंत पोहोचवणाऱ्या शिरा होत. पानातून सुटणारा प्राणवायू कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे, तर याच पाण्यातून येतो, हे रुबेन, केमेन या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1941 मध्ये दाखवले. पाण्याचा रेणू फोडण्याचे काम पानातील हरितलवकांत चालते आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा प्रकाशातूनच मिळते. अंधारात पाणी फुटत नाही, त्यामुळे प्राणवायूही सुटत नाही. यात पिंपळाचा अपवाद नाही. हिरव्या भागांना त्यासाठी प्रकाश लागतो, हे यान इंगेनहाउस यांनी 1779 मध्येच सिद्ध केले होते. शाळेत हायड्रिला या पाणवनस्पतीवर उलटे नरसाळे ठेवून केलेला प्रयोग अनेकांना आठवत असेल: काचपात्र उन्हात असताना फांदीतून बुडबुड्यांची माळ सुटते आणि त्यावर काळे कापड टाकले की ती थोड्या वेळात थांबते.

निवडुंगाचा दाखला तर संदेशाच्याच विरोधात जातो. निवडुंग किंवा पानफुटी यांची पर्णरंध्रे, म्हणजे वायूंची ये-जा होणारी सूक्ष्म छिद्रे, रात्री उघडतात हे खरे, कारण कोरड्या हवेत दिवसा ती उघडी ठेवली तर पाणी फार उडून जाते. मात्र रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात पेशींत साठवला जातो आणि प्राणवायू दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावरच तयार होतो. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी 1813 मध्ये पानफुटीचे पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागते असे नोंदवले होते, ते या आम्लामुळेच. म्हणजे पिंपळ निवडुंगासारखा वागतो असे क्षणभर मानले, तरीही रात्रीचा प्राणवायू त्यातून निघत नाही.

रात्री इतर झाडे कार्बन डायऑक्साइड सोडतात हे बरोबर आहे. पण पिंपळही सोडतो, कारण श्वसन प्रत्येक जिवंत पेशीत अहोरात्र चालते. मोकळ्या हवेत ते प्रमाण नगण्य असते, आणि खोलीतल्या कुंडीपेक्षा शेजारी झोपलेले माणूस कितीतरी अधिक वायू सोडते.

तुळस ओझोन सोडत नाही. जमिनीलगतचा ओझोन हा प्रदूषक आहे. तो पर्णरंध्रांतून शिरून पेशी जाळतो. द्राक्षाच्या पानांवर त्यामुळे पडणारे काळपट ठिपके 1958 मध्ये कॅलिफोर्नियात ओळखले गेले, हे आपल्या द्राक्षपट्ट्यात तरी माहीत असायला हवे.

राहिला बाकीची झाडे गेली तरी चालतील हा मुद्दा. हवेत सुमारे 21 टक्के प्राणवायू असतो आणि एखाद्या झाडामुळे त्याच्या आसपासचे हे प्रमाण जाणवण्याइतके बदलत नाही. वस्तीतल्या झाडाकडून आपल्याला लगेच मिळते ती सावली आणि असंख्य पर्णरंध्रांतून उडणाऱ्या पाण्यामुळे येणारा गारवा. या दोन्ही गोष्टी पानांच्या एकूण क्षेत्रफळावर अवलंबून असतात, जातीच्या पुण्याईवर नाही. आणि पन्नास वर्षांच्या वडाला जेवढी पाने असतात तेवढी व्हायला आज लावलेल्या पिंपळाच्या रोपालाही काही दशके लागणारच.