पपईचा पाला अन् 'पांढऱ्या पेशी'वाला तो मेसेज

तोच मेसेज तिसऱ्यांदा आला, आधी भाऊबंदांच्या ग्रुपवर, मग गल्लीच्या, आता दहावीच्या बॅचच्या. म्हणे पांढऱ्या पेशी लाखाच्या खाली गेल्या म्हणजे डेंग्यूच, ताप उतरला की धोका टळला, पपईच्या पाल्याचा रस अन् बकरीचं दूध दिलं की दोन दिवसात पेशी डबल, आणि 50 हजाराच्या खाली आल्या की लगेच पेशींची पिशवी चढवा. मी शहाद्याकडे लॅबमध्ये रक्त काढतो, पंधरा वर्षं झाली. डॉक्टर नाही भो मी, पण ह्या मेसेजपायी लोकं माझ्यासमोर येऊन रडतात म्हणून लिहितोय.

पहिलं, त्या पांढऱ्या पेशी नाहीतच. मेसेजवाला बोलतोय प्लेटलेटबद्दल, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, त्या रक्ताच्या एका बारीक थेंबात (मायक्रोलिटरमध्ये) दीड लाख ते साडेचार लाख असतात. पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्या 4 ते 11 हजार. डेंग्यूत दोन्ही कमी होतात म्हणून गोंधळ होतो. मागच्या पावसाळ्यात एक काकू रिपोर्ट घेऊन धावत आल्या, "भाऊ, पोराच्या पेशी तीन हजारच राहिल्या!" त्या पांढऱ्या पेशींचा आकडा वाचत होत्या, प्लेटलेट खालच्या ओळीत एक लाख चाळीस हजार, जराशाच कमी.

दुसरं, कमी म्हणजे डेंग्यूच असं काही नाही. मलेरियात कमी होतात, टायफॉईडमध्ये होतात, लेप्टो, स्क्रब टायफस, साध्या व्हायरलमध्येबी होतात. आणि कधी कधी तर कमी झालेल्याच नसतात! रक्त काढायला वेळ लागला, लहान पोरगं हात ओढत होतं, किंवा जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये प्लेटलेटचे गठ्ठे झाले, की मशीन त्या गठ्ठ्यांना प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. एका माणसाच्या हातात कुठल्यातरी लॅबचा 18 हजाराचा रिपोर्ट, गाडी नाशिकला निघायच्या तयारीत, आम्ही स्लाईड केली, म्हणजे काचेवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर गठ्ठेच गठ्ठे, पुन्हा रक्त घेतलं तर 1 लाख 60 हजार. म्हणून एवढा कमी आकडा आला अन् पेशंट बरा दिसतोय, तर स्लाईड पाहिली का एवढं विचारायचं.

डेंग्यू आहे का नाही ते कळतं एनएस-वन (विषाणूचा अंश शोधणारी) अन् आयजीएम (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी) ह्या रक्ताच्या टेस्टवरून, त्यातही दिवस मोजावे लागतात. एनएस-वन तापाच्या पहिल्या पाच दिवसात, आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर. सातव्या दिवशी नुसतं एनएस-वन करून निगेटिव्ह आलं म्हणून पेढे नका वाटू. कार्डवरची झटपट टेस्ट अन् लॅबमध्ये होणारी एलायझा टेस्ट ह्यात एलायझा जास्त भरवशाची.

आता तिसरं, आणि ह्याच्यावर माझा खरा राग आहे. "ताप उतरला की धोका टळला." उलट आहे, पूर्ण उलट. बहुतेक पेशंट बरेच होतात, पण ज्याचं बिघडायचं त्याचं बिघडतं ताप उतरतो तेव्हाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, पुढचे 24 ते 48 तास. तेव्हा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बाहेर जातं, पोटात, छातीत साचतं, आतलं रक्त घट्ट होतं अन् बीपी पडतो. हे रिपोर्टमध्ये दिसतं पीसीव्ही नावाच्या आकड्यात, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, काही जण त्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. तो चढत चालला अन् प्लेटलेट झपाट्याने उतरत चालल्या तर डॉक्टर सावध होतो. पण पंधरा वर्षात एकाही नातेवाईकाने मला पीसीव्ही किती आला असं विचारलेलं नाही, सगळ्यांना पेशी पाहिजेत. घरी बघायचं ते हे: पोट सारखं दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी, हातपाय गार, पेशंट सुस्त पडलाय नाहीतर उगाच तळमळतोय. ताप नसला तरी तसंच उचलून दवाखान्यात न्या.

पपईचा पाला. आमच्याकडे पपईची शेतं अशी की पाला फुकट, म्हणून जोर जास्त. छोट्या काही अभ्यासात प्लेटलेट थोड्या लवकर वाढलेल्या दिसल्या, हे खरंय. पण त्याने जीव वाचतो असं सिद्ध झालेलं नाही. आणि आठवडाभराने पेशी बहुतेकांच्या आपोआपच चढतात, मग जे शेवटी पाजलं त्याला श्रेय. वरून तो कडू रस पाजला की पोरगं ओकतं, अन् ती उलटी रसाची का आजाराची हे डॉक्टरलाही कळत नाही. बकरीचं दूध द्यायचंच असेल तर उकळून द्या, कच्च्यातून ब्रुसेलोसिस नावाचा जनावरांकडून येणारा आजार होतो, त्याचा ताप महिना महिना हटत नाही.

पिशवीचं थोडक्यात: रक्तस्राव नसेल तर साधारण 10 हजाराच्या खाली गेल्यावर डॉक्टर विचार करतात, 50 हजाराला नाही. खरं काम असतं पाणी, ओआरएस, गरज पडली तर मोजून दिलेलं सलाईन. तापाला पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ऍस्पिरिन मेडिकलवरून आपल्या मनाने अजिबात घेऊ नका.

एवढ्या लांब मेसेजमध्ये मच्छराचं नाव कुठंच नाही. नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही म्हणून आपण ड्रम भरतो, अन् डेंग्यू पसरवणारा, दिवसा चावणारा हा एडिस डास तिथंच वाढतो, त्याची अंडी ड्रमच्या आतल्या बाजूला चिकटतात अन् कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत, घासावं लागतं. ज्या दादांनी मेसेज टाकला त्यांच्या ओट्यावरचा कूलर उन्हाळ्यापासून तसाच भरलेला आहे, काल सांगितलं तर म्हणे रविवारी बघू.