चौथ्या महिन्याचा तो फॉरवर्ड

घरात कुणाला दिवस गेल्याची बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली की थोड्याच दिवसांत तो मेसेज येतो. चौथा महिना लागला की उलट्या थांबतात, पोट दिसू लागतं, बाळ हलू लागतं. आता दोन जिवांचं खा, केशराचं दूध घ्या, पपईकडे बघू नका. लोहाच्या गोळ्या गरम पडतात, बाळ काळं होतं, त्या टाळा. धोक्याचे तीन महिने संपले, आता निर्धास्त राहा. खाली हात जोडलेले, आणि 'प्रत्येक गरोदर बहिणीपर्यंत पोचवा'. पाठवणाऱ्या मावशी-आत्यांचा हेतू चांगलाच असतो. पण यातला एक सल्ला सरळ नुकसान करतो, आणि नेमका तोच मुकाट्याने पाळला जातो. त्याकडे येतेच.

आधी उलट्या. बऱ्याच जणींना तेराव्या-चौदाव्या आठवड्यानंतर आराम पडतो हे खरं. पण काहींची मळमळ विसाव्या आठवड्यापर्यंत रेंगाळते, थोड्या जणींची त्यापुढेही. तेवढ्यावरून काही बिघडलंय असं होत नाही. मात्र पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, वजन घटत असेल, तर 'होतंच असं' म्हणून घरी बसू नये. उलट्यांवरून मुलगा की मुलगी हे ओळखायचं शेपूट काही मेसेजना जोडलेलं असतं; त्यावर मी जागा घालवत नाही.

पोट आणि हालचाल यांनी पहिलटकरणींना उगाच रडवलंय. बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय ओटीपोटाच्या हाडामागून जेमतेम वर डोकावतं. बेंबीपर्यंत यायला साधारण विसावा आठवडा उजाडतो. त्यामुळे चौथ्या महिन्यात जुना ड्रेस बसतोय यात काळजीचं काही नाही. बाळ तेव्हा हलत असतंच, सोनोग्राफीत दिसतंही, पण ते इतकं लहान असतं की आईला जाणवत नाही. पहिल्या खेपेला हालचाल बहुधा अठरा ते वीस आठवड्यांत कळते, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. वार (प्लासेंटा) गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला असेल तर आणखी उशिरा. चौदाव्या आठवड्यापासून रोज 'हललं का गं?' विचारणाऱ्या घराला हे कुणीतरी सांगायला हवं. चोविसावा आठवडा आला तरी काहीच जाणवलं नाही, तर मात्र लगेच दाखवावं.

दोन जिवांचं खाण्याबद्दल: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीनुसार गरोदरपणात रोज साधारण 350 कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि थोडं दही. दुसरं ताट नव्हे.

आता लोहाच्या गोळ्या. बाळाचा रंग आईवडिलांच्या जनुकांवरून ठरतो. गोळीने तो काळवंडत नाही आणि केशराने उजळत नाही. केशराचं दूध आवडत असेल तर चिमूटभर घालून खुशाल प्या, पण ते दूध म्हणून. काळं होतं ते आईचं शौच, आणि बहुधा तिथूनच ही समजूत पक्की होत असावी. या महिन्यांत शरीरातलं रक्तद्रव्य, म्हणजे रक्तातला पातळ भाग, झपाट्याने वाढतं, तांबड्या पेशी त्या वेगाने वाढत नाहीत, आणि बाळ व वार दोघांनाही लोह लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय (अॅनिमिया) आढळला. अशा देशात 'गोळ्या टाळा' हे वाक्य हात जोडून पसरवलं जातं, याचा मला राग येतो. प्रसूतीत रक्त जायला लागलं की हिमोग्लोबिन आधीच कमी असलेल्या बाईकडे शिल्लक काही नसतं.

सरकारच्या अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी आहे: 60 मिलिग्रॅम लोह, 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, किमान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतरही 180 दिवस. बद्धकोष्ठ होतं, पोटात ढवळतं, ही तक्रार खोटी नाही. रात्री जेवल्यावर घेतली तर पुष्कळ जणींना सोसते. चहाबरोबर मात्र घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर चालेल. कॅल्शियमची गोळीही याच सुमारास सुरू होते. ती आणि लोहाची एकत्र घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. आणि गोळ्यांनी बाळ फार मोठं होऊन सिझर करावं लागतं, ही भीतीही निराधारच.

पपईची गोष्ट अर्धी खरी आहे. कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावल्याचं 2002 च्या एका प्रयोगात दिसलं; पिकलेल्या पपईने तसं झालं नाही. तेव्हा कच्ची टाळा. पिकलेल्या पपईची फोड खाल्ली म्हणून रात्रभर जागायचं कारण नाही.

राहिलं 'निर्धास्त राहा'. गर्भपाताची शक्यता तीन महिन्यांनंतर बरीच कमी होते, शून्य होत नाही. शिवाय बाळाचे अवयव नीट तपासणारी सोनोग्राफी साधारण अठरा ते वीस आठवड्यांत असते. ती लांबवली आणि काही निघालं, तर पुढच्या तपासण्यांना आणि निर्णयाला वेळ उरत नाही. शिंकताना किंवा झटकन उठताना जांघेत ओढ बसते, ते बहुधा गर्भाशयाला धरून ठेवणारे अस्थिबंध ताणल्यामुळे. पण रक्त दिसलं, अंगावरून पाणी गेलं, थांबून थांबून कळा आल्या, ताप आला किंवा लघवीला जळजळ झाली, तर ग्रुपवर विचारत बसू नका, दवाखाना गाठा.

खासगी डॉक्टर परवडत नसतील तर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी होते, आणि ती चौथ्या महिन्यापासूनच्या बायकांसाठीच आहे. जाताना गोळ्यांचं पाकीट सोबत न्या आणि किती उरल्यात ते खरं सांगा. सोसत नसेल तर गोळी बदलून मिळू शकते.