तेरावा बलुतेदार

माणूस देव मानत नाही असे एकदा कॉलनीत कळले, की लोक त्याला वाळीत टाकतील, त्याच्याशी वाद घालतील, निदान त्याला सुधारण्याचा थोडा प्रयत्न तरी करतील, अशी माझी समजूत होती. आमच्या अमळनेरच्या कॉलनीने यांपैकी काहीही केले नाही. तिने मला कामाला लावले.

ग्रहण लागलेले असताना कोणाकडचे सिलिंडर संपले, की ते बदलायला मी. पितृपक्षात गाडीवर सूट मिळते, पण त्या दिवसांत पैसे भरायला शोरूमची पायरी चढायची कोणाची तयारी नसते, म्हणून पाकीट घेऊन जायला मी. मांजर आडवे गेल्यामुळे बोळाच्या तोंडाशी चार मोटारसायकली खोळंबल्या असतील, तर सर्वांच्या नजरा माझ्या स्कूटरकडे वळतात. मी पुढे जातो, अपशकुन माझ्यासोबत पार झाला याची खात्री करून घेण्यापुरते लोक थांबतात आणि मग माझ्याकडे न पाहता आपापल्या कामाला निघून जातात. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून भारताच्या प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. आमच्या कॉलनीने सोयीसाठी ते एकट्या माझ्याकडे सोपवले आहे.

यंदा आषाढी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी दिवस उजाडता उजाडता दाराची कडी वाजली. दारात नाना होते. नाना बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झाले आहेत आणि अजूनही कोणतीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय सोडत नाहीत. "भाऊ, जरा खाली या," ते म्हणाले. "फाटकाशी कोणीतरी उतारा ठेवलाय. दूधवाला आत यायला तयार नाही. तुम्ही मानत नाही ना, तेवढा उचलून टाका."

फाटकाच्या मधोमध पत्रावळीवर दहीभाताचा मुठीएवढा गोळा होता आणि त्यावर गुलाल पसरला होता. भोवती चार फाका केलेले, कुंकू भरलेले लिंबू, सुकलेल्या लाल मिरच्या, काळ्या चिंधीची बोटभर बाहुली आणि शेंडीसह एक नारळ. दहीभाताला मुंग्या लागलेल्या होत्या; त्याही बहुधा मानत नसाव्यात. दूधवाला क्रेट घेऊन रस्त्यापलीकडे उभा होता आणि आतल्या बाजूला पातेली घेतलेल्या पाच-सहा गृहिणी. नाना माझ्यापासून आठ हातांवर, हातात काठी घेऊन, देखरेखीसाठी.

मी पत्रावळ उचलली. घंटागाडी यायला अवकाश होता, खाली ठेवायला कोणी देईना, म्हणून ती हातात धरून मी उभा राहिलो, आणि या रिकाम्या वेळात नानांना अनेक वर्षे मनात साठवलेले प्रश्न आठवले.

"भाऊ, एक विचारू का? राग मानू नका. तुमच्यात मयत झालं, तर काय करतात?"

"आमच्यात म्हणजे?"

"म्हणजे नास्तिकांत."

"जाळतात, नाना."

"असं? आमच्यासारखंच की! आणि दहावं?"

"नाही करत."

"मग कावळ्याचं काय?"

"कावळा त्याचं तो बघतो."

नानांनी ही माहिती मनात नीट लावून ठेवली. "आणि मुलीचं लग्न? तुमच्यातलाच मुलगा लागतो, की बाहेरचा चालतो?"

येथे मला प्रथमच उमगले, की इतकी वर्षे नाना मला बंडखोर, पाखंडी किंवा वाया गेलेला समजत नव्हते. ते मला एका वेगळ्या जातीचा माणूस समजत होते. देव न मानणे ही आमच्या लोकांची रीत असावी, ती बापजाद्यांपासून चालत आली असावी, आमचीही कुठेतरी पंगत बसत असावी आणि आमच्यातही देशस्थ-कोकणस्थासारखे काही पोटभेद असावेत, असे त्यांच्या मनाचे चित्र होते. मी त्यांना सांगितले, की बाहेरचाच करावा लागतो, कारण २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात जेमतेम ३३ हजार लोकांनी स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवले आहे.

"तेहेतीस हजार?" नानांचा रोखपाल जागा झाला. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, उत्तर काढले आणि सवयीप्रमाणे पुन्हा एकदा काढून पाहिले. "आणि देव तेहेतीस कोटी. म्हणजे एका नास्तिकामागे दहा हजार देव पडतात हो, भाऊ! ती पत्रावळ जरा सांभाळून धरा."

गृहिणींपैकी एकीने माझ्याकडे खरोखरीच्या कळवळ्याने पाहिले.

मी विज्ञानाचे नाव काढताच नाना मंगळावर आले. यात नवल नाही, कारण अमळनेरात राहणाऱ्या माणसाला मंगळावर यायला फार लांब जावे लागत नाही. येथील मंगळग्रह मंदिरात दर मंगळवारी गावोगावचे लोक पत्रिका घेऊन येतात, वैशाखात संत सखाराम महाराजांचा रथ निघतो, आणि याच गावात प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारले, जेथे जग खरे की भास यावर विद्वानांनी विचार केला. एवढे सगळे एका बोरी नदीच्या काठी नांदले, पण त्यातल्या कोणालाही पहाटे पत्रावळ घेऊन उभे करण्यात आले नव्हते.

"तुमचे इस्रोचे शास्त्रज्ञ," नाना म्हणाले, "यान सोडण्याआधी तिरुपतीला जातात. मंगळयान सोडलं तो दिवस कोणता होता? पाच नोव्हेंबर २०१३. मंगळवार! आता बोला."

"पण नाना, ते मंगळाशी पोहोचलं २४ सप्टेंबर २०१४ ला. त्या दिवशी बुधवार होता."

नाना गप्प झाले. एवढ्यात पातेलेवाल्यांतून आवाज आला, "निघायचा मुहूर्त बघतात. पोहोचायचा कोण बघतं?" नानांनी काठी जमिनीवर आपटली आणि वाद संपल्याचे जाहीर केले.

घंटागाडी आली. मी पुढे झालो. चालक खाली उतरला, त्याने पत्रावळीत डोकावून पाहिले आणि दोन पावले मागे सरकून म्हणाला, "भाऊ, मन्ही गाडीमा हाई टाकू नका." मी त्याला समजावले, की दहीभात आणि लिंबू ओल्या कचऱ्यात जातील, नारळ आणि बाहुली सुक्या कचऱ्यात जातील, नगरपालिकेच्या नियमांत भानामतीसाठी वेगळा डबा नाही. त्याने गाडीचे गाणे मोठे केले आणि तो निघून गेला. शेवटी मी फावडे आणून मागच्या पडीक जागेत बाभळीखाली खड्डा केला आणि बाकीचे पुरले. नारळ तेवढा हातात राहिला. तो चांगला होता, आत पाणी वाजत होते. जिन्यातच पत्नीने मला अडवले. "तुम्ही मानत नाही, हे मला मान्य आहे," ती म्हणाली. "पण स्वयंपाकघर मानतं." नारळही बाभळीखाली गेला.

येथवर मीही मनातून हसत होतो. आंघोळीला जाण्यापूर्वी सहज खिडकीतून खाली पाहिले, तर नाना तांब्यातून गोमूत्र शिंपडत होते. जेथे उतारा होता तेथे त्यांनी शिंपडले, हे समजू शकते. पण पुढे मी जेथे जेथे उभा होतो तेथे, मी चढलो त्या पायऱ्यांवर, एक एक पायरी मोजत, थेट माझ्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत ते आले. काम करवून घ्यायचे आणि करणाऱ्याच्या पावलांवर शिंपडायचे, ही रीत आपल्या गावगाड्यात कोठून आली ते मला ठाऊक आहे, आणि ज्यांच्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या लादली गेली त्यांच्यापुढे माझ्या उंबऱ्यावरच्या चार थेंबांचे गाऱ्हाणे मांडायला मला तोंड नाही. तरीही ते थेंब मी दिवसभर विसरू शकलो नाही. गावगाड्यात बारा बलुतेदार होते. कॉलनीने तेराव्याची भर घातली आहे, आणि त्याला बलुतेही ठरवून दिलेले नाही.

नानांना यात काही वावगे वाटत नाही, आणि खरी चीड त्याचीच येते. ते दुष्ट असते तर सोपे होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालून मारले, त्या दिवशी नाना माझ्याकडे आले, चप्पल काढून बसले, आणि बराच वेळ काही न बोलता शेवटी म्हणाले, "तुमच्यातले गेले हो." त्यांचे डोळे खरेच भरून आले होते. मी त्यांना सांगू पाहिले, की दाभोलकरांची समिती देव आहे की नाही या वादात पडतच नसे, श्रद्धेच्या नावावर होणाऱ्या लुबाडणुकीला तिचा विरोध होता, म्हणजे नाना, ते तुमच्यातलेच होते. नाना मान हलवत राहिले. ते सांत्वनाला आले होते, आणि सुतकात असलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो.

कोणाच्या भावना दुखावू नयेत याची मी आयुष्यभर काळजी घेत आलो आहे. धार्मिक भावनांसाठी १९२७ पासून दंड संहितेत खास कलम होते, आता न्याय संहितेतही आहे. पहाटे पाचला कर्ण्यावरून काकडआरती सुरू झाली, की माझेही काहीतरी दुखावते. पण ते कोणत्या कलमाखाली येते हे मला कोणत्याही वकिलाने अजून सांगितलेले नाही. मंडळाची वर्गणी मी बिनतक्रार देतो. पावतीवर नाव पूर्ण असते. आरतीच्या वेळी मात्र "तुम्हाला कशाला त्रास" म्हणून बोलावत नाहीत.

या बाबतीत मला आमची खानदेशातली देवी कानबाई बरी वाटते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या भाऊबंदांत कानबाईचे रोट होतात, तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठी मोजून गहू काढतात. माझ्या मोठ्या काकूंना माझी मते पक्की ठाऊक आहेत. त्या दरवर्षी माझे नाव घेऊन माझ्या मुठी टाकतात आणि मी काय मानतो हे विचारत नाहीत. रोट, खीर आणि गंगाफळाची भाजी मी पोटभर जेवतो, विसर्जनाला नदीवरही जातो. धुळ्याच्या माझ्या एका विवेकवादी मित्राने यावरून मला दुटप्पी ठरवले आणि माझ्याशी बोलणे सोडले. त्याच्या मते खऱ्या नास्तिकाने रोट खाऊ नयेत. म्हणजे आमच्यातही उपास आहेत, हे ऐकून नानांना फार समाधान वाटले असते.

परवा मी नानांना गाठून स्पष्ट सांगितले, की पुढच्या अमावास्येपासून उतारा उचलण्याचे शंभर रुपये पडतील, ग्रहणाचे दीडशे आणि गोमूत्र शिंपडल्यास पन्नास वेगळे. नाना माझ्याकडे पाहतच राहिले. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना माझ्याकडून धक्का बसलेला दिसला.

"भाऊ," ते दुखावलेल्या स्वरात म्हणाले, "अहो, देवाधर्माच्या कामाचे कोणी पैसे घेतं का?"