जुना गिअरबॉक्स नंबरावरून नाही, दात्यांवरून ओळखा

जुन्या गाड्या बाळगणाऱ्या पुणेकरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गिअरबॉक्सवरचा ओतीव (साच्यातच उमटलेला) नंबर म्हणजेच पार्ट नंबर; लिव्हर स्टीअरिंगला असेल तर गिअर तीनच; पहिला गिअर चावला (टाकताना करकरला) की सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर भिडण्याआधी वेग जुळवणारी कडी, गेली; दात्याची कड गोल दिसली की गिअर भंगार. हा मेसेज दाखवून लोक नाना पेठेत सामान मागतात आणि घरातला चांगला माल भंगारवाल्याला देऊन टाकतात. जे भाग आता नव्याने बनत नाहीत, त्यांच्या बाबतीत हे फार वाईट आहे.

आधी नंबराचं. हाउसिंगवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या पेटीवर, ओतलेला नंबर त्या ओतकामाचा असतो. एकाच ओतकामावर पुढे वेगवेगळं मशिनिंग होऊ शकतं, आणि आत कोणते गिअर बसलेत हे तो नंबर सांगूच शकत नाही. शिवाय दोन बिघडलेले बॉक्स मोडून एक चालता केलाय, असे बॉक्स आपल्याकडे भरपूर. तेव्हा बॉक्स टेबलावर घ्या. इनपुट शाफ्टवर (इंजिनकडून फिरणारा दांडा) आणि मागच्या फ्लँजवर (चाकांकडे फेरे देणारी चकती) खडूने खूण करा, पहिला गिअर टाका आणि फ्लँजचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत इनपुट शाफ्ट हाताने फिरवा. त्याला साडेतीन फेरे लागले तर रेशो, म्हणजे दोन्हींच्या फेऱ्यांचं प्रमाण, साधारण साडेतीन. टॉपला, म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरला, दोन्ही खुणा बरोबरीने फिरायला हव्यात, कारण या जुन्या गाड्यांच्या बहुतेक बॉक्समध्ये टॉप डायरेक्ट असतो.

नेमका आकडा हवा असेल तर कव्हर काढून दाते मोजा, पण जोडीजोडीने. समजा इनपुट गिअरला 18 दाते, त्याला भिडणाऱ्या लेशाफ्टच्या (समांतर बसलेल्या मधल्या दांड्याच्या) गिअरला 30; पुढे लेशाफ्टच्या पहिल्या गिअरला 16 आणि मेनशाफ्टवरच्या (फ्लँजकडे जाणाऱ्या दांड्यावरच्या) त्याच्या जोडीदाराला 32. मग 30 भागिले 18, गुणिले 32 भागिले 16, म्हणजे 3.33. नुसते मेनशाफ्टवरचे दाते मोजून रेशो निघत नाही.

लिव्हरचा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो: जुनी पद्मिनी आणि जुनी अ‍ॅम्बेसेडर, दोन्हींची लिव्हर स्टीअरिंगला आणि पुढचे गिअर चार; उलट जुन्या विलीज जीपची लिव्हर खाली आणि गिअर तीन.

पहिला गिअर चावण्याबद्दल जे पसरवलंय ते सगळ्यात महाग पडतं. या दोन्ही गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रो मुळात नव्हताच. गाडी पूर्ण थांबवून पहिला टाकायचा, नाहीतर डबल क्लच मारायचा (न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, थोडी रेस देऊन, पुन्हा दाबून गिअर टाकायचा). जी रिंग तिथे नाहीच, ती बदलायला बॉक्स का उघडायचा? दुसरा किंवा तिसरा चावत असेल तर मात्र रिंग बघा. पितळी रिंग गिअरच्या कोनवर (शंकूसारख्या भागावर) दाबून पिळा. ती पकडली पाहिजे. आतल्या बारीक रेषा गुळगुळीत झाल्या असतील किंवा रिंग थेट गिअरच्या दात्यांना टेकत असेल, तर ती संपली.

आता गोल कडा. सरकून भिडणाऱ्या पहिल्या आणि रिव्हर्सच्या गिअरच्या दात्यांना भिडण्याच्या बाजूने कारखान्यातच उतार दिलेला असतो, नाहीतर ते एकमेकांत शिरणारच नाहीत. दाते नीट फिरवून बघा. उतार सगळ्या दात्यांना सारखा आणि एकाच बाजूला असेल तर गिअर ठणठणीत आहे. झीज अशी शिस्तीत होत नाही: काही दात्यांची टोकं तुटलेली, तुटलेली जागा चकचकीत, दाता एका टोकाला निमुळता, आणि ऑइलमध्ये चुरा.

बाजारातून गिअर आणायला जाताना फोटो नेऊ नका. जुना गिअर आणि त्याचा जोडीदार, दोन्ही पिशवीत घालून न्या, दुकानातच स्प्लाइन (दांड्यावर बसणाऱ्या आतल्या खाचा) मोजा आणि नवा गिअर जुन्या जोडीदाराला लावून हाताने फिरवून बघा.