सोनोग्राफी ‘निम्म्या वेळा खोटी’? आकडा उलटा वाचलाय

गरोदर बायकांना सध्या एक मेसेज येतोय: ‘पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी निम्म्या वेळा खोटी निघते. अमुकच्या बाळाच्या हृदयात पांढरा ठिपका सांगितला होता, बाळ ठणठणीत जन्मलं. शिवाय किरणांचा त्रास. आणि दोष सापडला तरी करता काहीच येत नाही.’ माझ्या धाकट्या बहिणीला अठरावा आठवडा लागलाय. काल तिचा फोन आला, ‘ताई, ॲनॉमली स्कॅन (बाळाच्या शरीररचनेतले दोष शोधणारी हीच सोनोग्राफी) रद्द करू का?’ तेव्हा डोकंच फिरलं.

किरणांचं आधी उरकते. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. हौसेखातर पुन्हा पुन्हा करू नये हे खरं, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या स्कॅनने बाळाला इजा होते याला पुरावा नाही. आणि तो पांढरा ठिपका म्हणजे हृदयाचा दोष नव्हेच. पुष्कळ निरोगी बाळांत तो दिसतो. रिपोर्टमध्ये तो लिहून कुणी समजावून सांगत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे.

आता ‘निम्म्या वेळा’. हा आकडा हवेतून आलेला नाही, एवढं कबूल करावं लागतं. २०२४ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ८७ अभ्यासांचा, ७० लाखांहून जास्त गर्भांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात दुसऱ्या तिमाहीतल्या एकट्या स्कॅनमध्ये, शरीररचनेत दोष असलेल्या बाळांपैकी सुमारे ५० टक्केच सापडली. पण उरलेली निम्मी निसटली, खोटी ठरली नाहीत! दोष नसलेल्या बाळात दोष दाखवला गेला तो हजारात साधारण दोघांच्या बाबतीत. पहिल्या तिमाहीतला आणि नंतरचा असे दोन्ही स्कॅन झाले तिथे सापडण्याचं प्रमाण ८४ टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणजे नॉर्मल रिपोर्ट ही हमी नाही. हृदयाच्या पडद्यातलं बारीक छिद्र निसटतं, ओठ शाबूत असेल तर फाटलेला टाळूही निसटतो. पण यावरून स्कॅन कमी करा असं कसं निघतं?

सगळ्यात घातक वाक्य शेवटचं: ‘करता काहीच येत नाही.’ काही दोषांवर खरंच इलाज नसतो. पण हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते, तो दोष घ्या. सोनोग्राफीच्या स्क्रीनवर हृदयाचे चारही कप्पे बहुधा ठीक दिसतात. पोटावर फिरवायचा प्रोब थोडा वर कलवला की एकमेकींना ओलांडून जायला हव्या त्या वाहिन्या समांतर जाताना दिसतात. हे आधी कळलं तर प्रसूती बालहृदयरोगतज्ज्ञ असतील तिथे ठरवता येते, आणि जन्मताच प्रोस्टाग्लँडिन या औषधाचं ठिबक लावून, या दोन वाहिन्यांना जोडणारी गर्भातली छोटी जोडवाहिनी उघडी ठेवता येते. नाही कळलं तर ती वाहिनी बंद होऊ लागते, बाळ निळं पडतं आणि मग धावपळ सुरू होते. तेव्हा सगळी बाळं वाचत नाहीत.

मणक्याच्या उघड्या दोषावर तर काही बाळांची गर्भातच शस्त्रक्रिया होते. २०११ च्या एका मोठ्या चाचणीत, मेंदूतलं पाणी काढायला वर्षभरात नळी बसवावी लागण्याचं प्रमाण जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत ८२ टक्के होतं, गर्भात झालेल्यांत ४०. अकाली प्रसूतीचा धोका वाढतो, म्हणून निर्णय सोपा नसतो. पण त्या चाचणीत ही शस्त्रक्रिया सव्विसाव्या आठवड्याच्या आतच केली होती. स्कॅन रद्द करणाऱ्या आईला तो निर्णय घ्यायची वेळच मिळत नाही.